हळद : औषध की प्रसाधन?

मराठी घरात हळद किती ठिकाणी असते याची मोजदाद करावयाची म्हटली, तर ती स्वयंपाकघरातील मिसळणाच्या डब्यापाशी सुरू होते आणि देवघरात जाऊन थांबते. मध्ये हळदीकुंकवाचा करंडा आहे, अक्षता आहेत, नरकचतुर्दशीचे उटणे आहे, खंडोबाचा भंडारा आहे. लग्नघरी तर नवऱ्या मुलाची उष्टी हळद नवरीकडे गेल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही. आमच्या ठाणे जिल्ह्यातील आगरी-कोळी मंडळींत हळदीची रात्र लग्नाइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, थाटाची. विळीवर बोट कापले की घरातील वडीलधारी बाई पहिल्याने चिमूटभर हळदच शोधते, आणि मुका मार लागला की आंबेहळद उगाळते.

तेव्हा हळदीविषयी आम्हांला नवे काय सांगणार, असे तुम्ही म्हणाल. जे नवे आहे ते हळदीत नाही. हळदीच्या नावाने जे विकले जाते त्यात आहे.

मी राहतो त्या खोपटात एस. टी. स्थानकाच्या आसपास औषधांची आणि प्रसाधनांची दुकाने आहेत. त्यांपैकी कोणत्याही दुकानातल्या फळीकडे सहज नजर टाका. हळदीचे क्रीम, हळदीचा साबण, हळदीचा फेसवॉश, हळदीचे सीरम, हळदीचा तयार लेप. प्रत्येक वेष्टनावर पिवळ्या हळकुंडाचे चित्र आणि त्याखाली आश्वासने. पुटकुळ्या जातील, डाग जातील, काळवंडलेली त्वचा उजळेल, आणि हे सारे 'नैसर्गिक', म्हणून 'निर्धोक'. मी वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात भाषा शिकवणे हा माझा व्यवसाय. पण शब्दांशीच रोजचा संबंध असल्यामुळे, एका वस्तूला इतकी विशेषणे लागलेली पाहिली की त्यांपैकी खरी किती आणि खोगीरभरती किती, हे तपासावेसे वाटते. आज आपण तेच करू या.

या प्रश्नाचा निकाल लावण्याचा प्रयत्न आजवर निरनिराळ्या दरबारांत झालेला आहे. पहिला दरबार न्यायालयाचा, आणि त्याची हकिकत आपल्या अगदी शेजारची आहे. केशव विष्णू पेंढरकर या गृहस्थांनी १९५२ साली मुंबईत परळ येथे 'विको' हा उद्योग सुरू केला. पुढे डोंबिवलीत त्यांचा कारखाना झाला, आणि तिथल्या एका नाक्याला लोक आजही विको नाका म्हणूनच ओळखतात. त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर यांच्या काळात, १९७५ साली, हळदीचा अर्क आणि चंदनाचे तेल घातलेले त्यांचे क्रीम बाजारात आले. हळद लावावी पण तोंड पिवळे होऊ नये, ही अनेकींची अडचण त्या नळीने दूर केली. आणि जाहिरातीत कंपनीने पहिल्यापासून ठासून सांगितले की हे प्रसाधन नव्हे.

आता, हे प्रसाधन नव्हे तर काय? कंपनीचे म्हणणे, हे आयुर्वेदिक औषध. अबकारी खात्याचे म्हणणे, हे तोंडाला लावण्याचे क्रीम, म्हणजे प्रसाधनच. हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. त्या काळी प्रसाधनांवर अबकारी कर जास्त होता आणि औषधांवर कमी. (२०१७ सालच्या जुलैपासून वस्तू व सेवा कर आल्यावर ती जुनी अबकारी व्यवस्था या वस्तूंपुरती संपली.) सत्तरीच्या दशकात सुरू झालेले हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि डिसेंबर २००४ मध्ये निकाल लागला तो कंपनीच्या बाजूने. हे औषध होय, असे न्यायालयाने मानले. अशा खटल्यांत साधारणपणे दोन कसोट्या लावल्या जातात. घटकद्रव्ये आयुर्वेदाच्या प्रमाणग्रंथांतील आहेत काय, आणि सामान्य माणूस व्यवहारात त्या वस्तूला औषध समजतो काय.

या निकालाचा अर्थ नीट लक्षात घ्या. न्यायालयापुढे प्रश्न होता तो कर कोणत्या दराने बसवावा हा. अमक्या मुलीच्या गालावरील पुटकुळ्या या क्रीमने जातील काय, हा प्रश्न न्यायालयाला कोणी विचारलेला नव्हता, आणि त्याने त्याचे उत्तरही दिलेले नाही.

दुसरा दरबार त्याहून दूरचा, अमेरिकेतील पेटंट कार्यालयाचा. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. जी गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक, तिच्यावर मालकी हक्क! आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सी.एस.आय.आर.ने, १९९६ साली त्याला हरकत घेतली. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातील माशेल गावी जन्मलेले आणि मुंबईत गरिबीत वाढलेले. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील मिळून ३२ संदर्भ पुरावा म्हणून पुढे ठेवण्यात आले. त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले. आपल्या पारंपरिक ज्ञानाची पद्धतशीर नोंद करून ठेवण्याचा मोठा उपक्रम पुढे २००१ साली हाती घेण्यात आला, त्यामागे या लढ्याची प्रेरणा होती.

हा विजय अभिमानाचा आहे, यात शंका नाही. पण त्याचाही अर्थ तपासून घेतला पाहिजे. पेटंट रद्द झाले ते, हे ज्ञान नवे नाही म्हणून. हळदीने जखम नक्की भरते असा निवाडा त्या कार्यालयाने दिला नव्हता. तो त्याचा विषयच नव्हता. 'आपण हळदीची लढाई जिंकलो' असे जेव्हा जाहिरातीत सूचित केले जाते, तेव्हा जिंकलेली लढाई कोणती होती हे विसरू नये.

तिसरा दरबार आपल्या जुन्या ग्रंथांचा. येथे मला एक गोष्ट फार मौजेची वाटली. चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे पन्नास गण सांगितले आहेत, प्रत्येक गणात दहा-दहा द्रव्ये. त्यांत हळद आहे ती कुष्ठघ्न, म्हणजे त्वचारोग हटवणाऱ्या गणात; विषघ्न गणात; आणि लेखनीय, म्हणजे साचलेले खरवडून काढणाऱ्या गणात. पण वर्ण्य नावाचा जो गण आहे, म्हणजे वर्ण सुधारणाऱ्या द्रव्यांचा, त्यात चंदन आहे, वाळा आहे, मंजिष्ठा आहे, ज्येष्ठमध आहे, हळद नाही! पुढे सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तिला वर्ण्य म्हटले आहे, आणि 'वरवर्णिनी' हे तिचे नावही निघंटूंतून रूढ आहे. म्हणजे परंपरेने हळदीला कांती देणारी मानले, हे खरे. पण तिची पहिली ओळख रोगी त्वचेला उतार देणारी म्हणूनच होती. आजच्या फळीवर मात्र नेमके उलटे झाले आहे. उजळपणा मोठ्या अक्षरांत, बाकीचे गुण बारीक अक्षरांत.

आता चौथा दरबार, प्रयोगशाळेचा. हळदीला पिवळा रंग ज्याच्यामुळे येतो त्या द्रव्याला कर्क्युमिन म्हणतात. व्होगेल आणि पेल्तिए या दोघा रसायनतज्ज्ञांनी १८१५ साली ते वेगळे काढले, आणि त्याची रासायनिक रचना १९१० साली उलगडली. साधारण हळदीत ते शंभरात दोन ते पाच भाग असते. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीत त्याचे प्रमाण जास्त, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. सांगलीच्या हळदीला ते २०१८ साली मिळाले.

हे कर्क्युमिन मोठे लहरी द्रव्य आहे, आणि त्याच्या लहरी तुम्हांला घरच्या घरी पाहता येतात. हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लावा. डाग लालभडक होतो. क्षाराशी गाठ पडली की ते असे रंग बदलते. खरे कुंकू होते ते याच गुणामुळे. करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या पद्धतीत हळदीला टाकणखारासारखा क्षार आणि लिंबाचा रस देऊन तांबडा रंग आणीत. दुसरी लहर अशी की, तोच डाग धुऊन उन्हात वाळत घाला, दोन दिवसांत फिकट होतो. म्हणजे उजेडात कर्क्युमिन टिकत नाही. तिसरी लहर, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात-तुपात मात्र काही प्रमाणात विरघळते. आपल्या आज्या-पणज्या हळद साय, तेल किंवा लोणी यांत कालवीत, त्यात हे शहाणपण आपोआप साधले गेले होते.

या तीन लहरींवरून बाजारातील पुष्कळ वस्तूंची परीक्षा होते. हळदीचा साबण घ्या. साबण म्हणजे क्षार, तो अंगावर राहतो अर्धा मिनिट, आणि मग पाण्याबरोबर मोरीत जातो. एवढ्या वेळात त्यातली हळद त्वचेला काय देणार? साबण म्हणून तो चांगला असेल. हळद म्हणून त्याचे फारसे मोल नाही. 'हळदीचे आहे, उन्हापासून रक्षण करील' असे कोणी म्हणाले, तर जे स्वतःच उन्हात विटते त्याच्या भरवशावर उन्हात हिंडू नये. आणि क्रीम पांढरेशुभ्र असूनही त्यात हळद असू शकते काय? असू शकते. एक तर ती नावापुरती घातलेली असते, किंवा कर्क्युमिनपासून तयार केलेले त्याचे रंगहीन भावंड त्यात असते. ती लबाडीच आहे असे नव्हे. पण दुसऱ्या प्रकारात, वेष्टनावर चित्र हळकुंडाचे असले तरी आत तुमच्या डब्यातील हळद नाही, हे ध्यानात असावे.

मग त्वचेला उपयोग होतो की नाही? याचे प्रामाणिक उत्तर 'होतो, पण' असे आहे, आणि त्यातला 'पण' टाकून देता येत नाही. दाह कमी करणे आणि काही जंतूंची वाढ रोखणे हे गुण प्रयोगशाळेत कर्क्युमिनमध्ये दिसले आहेत. माणसांवरील अभ्यासांचा एक आढावा २०१६ साली 'फायटोथेरपी रिसर्च' या नियतकालिकात आला. मुरुमे, इसब, सोरायसिस, खाज अशा विकारांवर हळद पोटात देऊन किंवा वरून लावून केलेले १८ अभ्यास त्यात तपासले होते. त्यांपैकी १० अभ्यासांत रुग्णांना लक्षणीय उतार पडलेला आढळला. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक. दुर्लक्ष करण्याजोगे हे नाही, आणि डंका पिटण्याजोगेही नाही.

मंगळूर येथील एक अभ्यास तर आपल्या डोंबिवलीच्या हकिकतीशी जोडलेला आहे. डोक्याच्या व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना त्वचा भाजल्यासारखी होते. तिथल्या डॉक्टरांनी अशा ५० रुग्णांत, हळद आणि चंदनतेलाचे हेच क्रीम लावणारे आणि लहान मुलांचे साधे तेल लावणारे अशी तुलना केली. क्रीम लावणाऱ्यांची त्वचा कमी पोळली. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. गुण आला, ही आनंदाची गोष्ट. परंतु रुग्ण अवघे ५०. क्रीममध्ये चंदनतेलही होते, तेव्हा श्रेय हळदीचे किती आणि चंदनाचे किती, हे त्यावरून सांगता येत नाही. शास्त्राची रीत अशी आहे. ते एकदम टाळ्या वाजवीत नाही, आणि एकदम नाक मुरडीतही नाही.

उलट बाजूही मांडली पाहिजे. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात काही तज्ज्ञांनी कर्क्युमिनवर कडक टीका केली. हे द्रव्य अस्थिर आहे, शरीरात फारसे शोषले जात नाही, आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांत ते स्वतःच घोटाळा करून गुण असल्याचा भास उत्पन्न करते, असा तिचा आशय होता. सारांश, हळद हे सौम्य, उपयुक्त, पण मर्यादित सामर्थ्याचे द्रव्य आहे. तिला संजीवनी बुटी करण्याचा अट्टहास तिच्याच अंगाशी येतो.

आता निर्धोकपणाकडे वळू. हळद आपण रोज खातो, मग अंगाला लावल्याने काय बिघडणार, असा एक सरळ युक्तिवाद केला जातो. पण खाण्याची गोष्ट निराळी, त्वचेची निराळी. हळदीने, कर्क्युमिनने आणि कुंकवानेही काही जणांच्या त्वचेला वावडे होते, हे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदलेले आहे. हे वावडे लगेच दिसत नाही. लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी खाज, लाली, पुरळ उठते, आणि ते ओसरल्यावर कधी कधी काळा डाग मागे राहतो.

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीचे असेच झाले. लग्न ठरले. सावळी, नाकीडोळी नीटस मुलगी. पण 'फोटोत उजळ दिसायला हवीस' असा घरीदारी घोष सुरू झाला. मग रोज हळद, बेसन आणि लिंबाचा रस यांचा लेप, आणि तो लावून गच्चीवर उन्हात बसणे. दहा-बारा दिवसांत दोन्ही गालांवर तांबूस चट्टे उठले, नि पुढे ते काळसर झाले. "सर, हळदच लावली हो मी, दुसरं काही नाही," असे ती सांगत होती, आणि तिच्या दृष्टीने ते खरेही होते. डॉक्टरांनी मात्र लिंबाकडेही बोट दाखवले. लिंबाचा रस आंबट, म्हणून त्वचेला झोंबतो. शिवाय तो लावून उन्हात बसले तर उन्हाच्या योगाने त्वचा पोळून डाग पडू शकतात. चट्टे जायला कित्येक महिने लागले. लग्न व्हायचे ते झालेच. पण त्या महिन्यांत ती वर्गात ओढणी गालावर घेऊन बसे, ते पाहून वाटे की या मुलीच्या त्वचेला मुळात रोग कोणताच नव्हता. रोग होता तो 'उजळ' या शब्दाच्या आपल्या हव्यासात.

दुसरा धोका भेसळीचा. हळकुंडे शिजवून, वाळवून, घासून गुळगुळीत करतात, तेव्हा त्यांना झळझळीत पिवळा रंग यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट नावाचे रंगद्रव्य चोळले जाते. त्यात शिसे असते, आणि शिसे हे मुलांच्या मेंदूचे शत्रू. बांगलादेशात २०१९ साली ही भेसळ संशोधकांनी उघडकीला आणली. तिथल्या सरकारने कडक उपाय योजले, आणि शिसे आढळणाऱ्या बाजारी नमुन्यांचे प्रमाण शंभरात ४७ होते ते २०२१ पर्यंत शून्यावर आले. मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण. भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका या देशांतील शहरांची एक पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तीत पाटणा, कराची, पेशावर येथील काही नमुन्यांत शिशाचे प्रमाण फारच मोठे निघाले. आपल्या कायद्याने हळदीत शिशाची जी मर्यादा घातली आहे ती किलोमागे १० मिलिग्रॅमची; हे नमुने तिच्या शंभरपट आणि त्याहूनही पुढे गेलेले होते.

उगाच घाबरवावयाचे नाही, म्हणून हेही सांगतो की अखंड त्वचेतून असे शिसे फारसे आत जात नाही. ते शरीरात शिरते मुख्यतः तोंडावाटे. पण लेप ओठांना लागतो, हाताला राहतो, आणि मांडीवरचे मूल ते हात चाटते. म्हणून लेपाची हळदही खाण्याच्या हळदीइतकीच शुद्ध हवी. घरी एक सोपी परीक्षा करता येते. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. खाली बसताबसता पाणी गडद पिवळे झाले तर रंगाचा संशय घ्यावा. ही परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेत नाही. सर्वांत चांगले म्हणजे, ओळखीच्या ठिकाणाहून हळकुंडे आणून घरी दळून घेणे.

तिसरा धोका हळदीचा नव्हे, पण तिच्या पिवळ्या पदराआड लपणारा. 'आयुर्वेदिक', 'घरगुती', 'हर्बल' असे सांगून बिननावाच्या डबीतून विकली जाणारी गोरे करणारी क्रीमे. अकोल्यातील एका कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना अशा एका क्रीममुळे इजा झाल्याचे वृत्त २०२३ च्या आरंभी आले, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा मोठ्या प्रमाणात सापडला. पारा त्वचेतून आत जातो. २०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणे, डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडता, चुकून राहिलेला पारासुद्धा दशलक्षात एका भागाहून अधिक चालत नाही. आठ दिवसांत गोरेपणा देणारी डबी दिसली, तर तिच्यात हळद आहे की चंदन हे विचारू नका. ती घरात आणूच नका.

तर मग वाचकहो, दुकानात उभे राहिल्यावर करावे काय? चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, वेष्टनाची मागची बाजू वाचा. ज्यावर आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना क्रमांक असतो, त्यावर हळदीचे प्रमाण दिलेले असते, ते पाहा. जे प्रसाधन असते त्यावर घटकांची यादी असते, आणि शंभरात एका भागाहून जास्त असणारे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. हळद यादीच्या तळाशी, सुगंधाच्या शेजारी बसलेली दिसली, तर दाम हळदीचे द्यावयाचे की नाही हे तुम्हीच ठरवा. आणि जिच्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ताच नाही, ती वस्तू फुकट मिळाली तरी नको.

दुसरी, कोणतीही नवी वस्तू थेट तोंडाला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहा. लग्नघरात तर हे अवश्य करा, कारण हळदीच्या दिवशी उठलेले पुरळ अक्षता पडेपर्यंत जात नाही. घरी लेप करावयाचा तर हळद चिमूटभर, साय किंवा दही त्याहून पुष्कळ, लिंबू अजिबात नको. दहा-पंधरा मिनिटांत धुऊन टाका, आणि घासघासून काढू नका.

तिसरी, हळदीकडून तिच्या आवाक्यातलेच मागा. किरकोळ पुटकुळी, थोडी खाज, थोडा दाह, एवढ्यावर ती लावून पाहायला हरकत नाही. खोल जखम, चिघळलेला फोड, भाजलेली जागा यांवर स्वयंपाकघरातील हळद दाबू नका. ती निर्जंतुक केलेली नसते. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. नवजात बाळाच्या नाळेवर हळद लावण्याची चाल काही घरांत आहे, ती सोडून द्यावी. नाळ कोरडी व स्वच्छ ठेवणे हेच उत्तम. दोन आठवड्यांत विकार हटला नाही, पसरला, किंवा डाग बधिर लागला, तर हळदीची मात्रा वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा. बधिर डागावर घरगुती उपचार करीत महिने दवडणे हे आपल्या समाजाला किती महाग पडले आहे, ते महारोगाच्या इतिहासाने शिकवले आहे. आणि 'आतून कांती येते' म्हणून कर्क्युमिनच्या गोळ्या मनाने गिळू नका. मोठ्या मात्रेच्या अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. भाजीतली हळद निराळी, गोळीतली निराळी.

चौथी गोष्ट शब्दांची, म्हणून माझ्या अधिकारातली. 'नैसर्गिक' म्हणजे 'निर्धोक' नव्हे. बिब्बाही नैसर्गिकच आहे. 'निरोगी' म्हणजे 'गोरी' नव्हे. २०२० साली एका मोठ्या कंपनीने आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढून टाकला. कंपनीला तो शब्द अडचणीचा वाटू लागला, पण आपल्या घरांतून तो अजून गेलेला नाही. मुलगी वयात आली की तिच्या हातात हळदीची वाटी देताना आपण काय बोलतो, ते एकदा आठवून पाहावे. "त्वचा चांगली राहील" असे म्हणालो, तर आपण तिला औषध दिले. "जरा उजळशील" असे म्हणालो, तर वाटीत हळद असली तरी आपण तिच्या मनात दुसरेच काही कालवले.

हळद औषध की प्रसाधन, याचे उत्तर करखात्याला एक हवे होते, कंपनीला एक. तुम्हांआम्हांला ते दर वेळी नव्याने शोधावे लागते, आणि ते तीन प्रश्नांत सापडते. हळद शुद्ध आहे काय? पुरेशी आहे काय? आणि तिच्याकडून मी मागतो आहे ते तिच्याजवळ आहे काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर खुशाल लावा. एकाचेही 'नाही' असेल तर ती मिसळणाच्या डब्यातच बरी. तिथे तिने आजवर कोणालाही निराश केलेले नाही.